वरोऱ्याची खदान

दिल्लीहून चेन्नईला निघालेली गाडी नागपूर सोडते, सेवाग्रामला येते आणि तिथून दक्षिणेकडे वळते. हिंगणघाट मागे पडते, कपाशीची वावरे लागतात, मग वरोरा येते. बहुतेक जलद गाड्या तिथे फार रेंगाळत नाहीत. वरोरा म्हटले की महाराष्ट्राला आनंदवन आठवते, बाबा आमटे आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण गाडी या गावावरून का जाते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. उत्तर आनंदवनाच्या पाऊणशे वर्षे आधीचे आहे. हा लोहमार्ग चेन्नईला जाण्यासाठी टाकलेला नव्हता. तो वरोऱ्यापर्यंतच होता आणि तिथेच संपत होता, कारण तिथे जमिनीत एक खोल भोक पाडलेले होते आणि त्यातून कोळसा निघत होता. १९०६ साली ती खदान बंद झाली. रूळ मात्र राहिले.

मध्य प्रांताच्या सरकारने ही खदान १८७१ मध्ये सुरू केली. सरकारने स्वतःच्या पैशाने खाणीत उतरावे असे काय घडले होते, हे समजायला त्याआधीची चार-पाच वर्षे पाहावी लागतात. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला होता, तेव्हापासून वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातल्या कापसाला परदेशी बाजाराची चटक लागली होती. हिंगणघाटचा कापूस तर नावानेच विकला जात होता. म्हणजे माल होता, बाजार होता, रेल्वेही आली होती. इंजिनाच्या पोटात घालायला मात्र इथले काही नव्हते. मुंबईकडून येणारा कोळसा विलायतेतून जहाजाने यायचा. बंगालातला राणीगंजचा कोळसा देशीच, पण नागपूरपासून फार दूर, आणि तिथून नागपूरकडे येणारी सरळ रेल्वे तेव्हा नव्हती. इंजिनासाठी जंगलतोड करून लाकूड जाळावे, तर तेही किती वर्षे पुरणार? नागपूरच्या दक्षिणेला वर्धा नदीच्या काठी कोळसा आहे अशी खबर होती. ती खरी निघाली तर रेल्वेचा खर्चच बदलणार होता.

खबर खरी होती, पण अर्धवट. वर्धा नदीकाठच्या घुग्घुसच्या बाजूला कोळशाचा थर भूपृष्ठाजवळ होता. वरोऱ्यात मात्र वर सगळी काळी माती. तिच्याखाली काय आहे हे पाहायचे तर छिद्रे पाडणे आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी या खोऱ्यात ठिकठिकाणी अशी छिद्रे घेतली. त्यांच्यापैकी थिओडोर ह्यूज यांनी वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्रावरचा सविस्तर वृत्तांत १८७७ मध्ये प्रसिद्ध केला. छिद्र पाडून निघालेला दगड फुटाफुटाने मांडून ठेवायचा, त्यात काळा पट्टा किती खोलीवर आला ते लिहायचे, आणि दोन छिद्रांच्या मधली, कोणी न पाहिलेली जमीन मनात जुळवायची, असे हे काम. एका ठिकाणी जाड लागलेला थर थोड्या अंतरावर नाहीसाच व्हावा, असे या खोऱ्यात वारंवार होते. मधे कुठेतरी जमीन फाटून खाली सरकलेली असते.

हा कोळसा इथे आला कसा, याची गोष्ट मला खदानीच्या गोष्टीइतकीच मोलाची वाटते. कारण तिच्यात चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंडांचे नाव जगभर गेले आहे. साधारण अठ्ठावीस-एकोणतीस कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडात जोडलेले होते, आणि त्या भूखंडावर बर्फ होता. चंद्रपूरजवळ इरई इथे चुनखडीच्या खडकावर हिमनदीने दगड ओढत नेल्याचे ओरखडे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सर्वेक्षणाच्या भूवैज्ञानिकांनी ते ओळखले. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने भोगला आहे, त्याने त्या ओरखड्यांवर हात ठेवून पाहावा. बर्फ हटला, नद्या वाहू लागल्या, सखल भागात दलदली झाल्या आणि त्यांच्या भोवती ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडांची राने माजली. जिभेच्या आकाराचे पान, मधे ठळक शीर. त्या झाडांचा पाला आणि खोडे पाण्यात साठत गेली, वर वाळू-गाळ चढला, आणि कोट्यवधी वर्षांच्या दाबाखाली त्यांचा कोळसा झाला. ज्या खडकांत हे सारे सापडते, त्यांना हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये 'गोंडवन' हे नाव दिले, मध्य भारतातल्या गोंड राज्यांवरून. पुढे ऑस्ट्रियाचे एडुआर्ड स्यूस यांनी त्या अख्ख्या प्राचीन भूखंडालाच गोंडवनलँड म्हटले. चांदा ही गोंड राजांची राजधानी. ते राज्य अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी घेतले, १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, आणि मग काही दशकांतच त्या हरलेल्या गोंडांचे नाव पाच खंडांच्या इतिहासाला लागले.

कोळसा सगळीकडे का नाही, हेही यातून उलगडते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, गोव्याच्या सीमेला लागून, जोयडा तालुका आहे. जुने नाव सुपा. काळी नदीचे घनदाट रान, मराठी-कोकणी बोलणारी वस्ती. त्या रानातही बंद पडलेल्या खाणी आहेत, पण त्या मँगनीजच्या. तिथे कितीही खोल गेले तरी कोळसा लागणार नाही. तिथला धारवाडी खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. त्या काळी जमिनीवर झाड तर सोडाच, शेवाळाचा पोपटी ठिपकाही नव्हता. ज्या मातीवर कधी पान गळले नाही, तिच्यात कोळसा कुठून येणार? उलट वरोऱ्याखाली गळलेल्या पानांचे थरच्या थर होते. सरकारला त्यांत इंजिनाचे इंधन दिसले.

१८७७ मध्ये वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला. 'वर्धा कोल स्टेट रेल्वे' हे त्याचे नाव, लांबी ४५ मैल. 'कोल' हा शब्द नावातच आहे. प्रवासी, कापूस, धान्य हे सगळे नंतर. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबईच्या बड्या मंडळींना हा वेडेपणा वाटला होता. गिरणी काढायची तर मुंबईत, बंदराजवळ, असा रिवाज. टाटांचा हिशेब निराळा होता. कापूस जिथे पिकतो तिथेच सूत काढावे, आणि बॉयलरला लागणारा कोळसाही जवळ असावा. हा जवळचा कोळसा म्हणजे वरोऱ्याचा. भारतीय उद्योगाच्या इतिहासात एम्प्रेस मिलला जे मानाचे पान मिळते, त्याच्या कडेला वरोऱ्याच्या खदानीचे नाव निदान बारीक अक्षरात तरी असायला हवे. हिंगणघाटच्या गिरण्याही याच रुळांच्या काठी उभ्या राहिल्या.

खाली काम कसे चाले? वरून विहिरीसारखा उभा खड्डा खणायचा. वाफेच्या यंत्राने दोरावर पाळणा वर-खाली करायचा. माणसे, कोळसा, लाकडी टेकू, सगळे त्याच वाटेने. थराला पोचले की आडवे बोगदे काढायचे, एकमेकांना छेदणारे, गावातल्या गल्ल्यांसारखे. गल्ल्यांच्या मधे कोळशाचेच चौकोनी खांब राखायचे आणि त्यांनी वरचे छत तोलायचे. म्हणजे या पद्धतीत निम्म्याच्या आसपास कोळसा खालीच राहतो. खदान संपत आली की मागे सरकत सरकत हे खांबही काढायचे, आणि काढलेल्या जागी छत बसू द्यायचे. या कामात जीव जातात. खाणीतल्या सुरक्षेसाठी देशात पहिला कायदा झाला तो १९०१ मध्ये. वरोऱ्याची खदान तेव्हा तीस वर्षांची झाली होती. ती तीस वर्षे कायद्याशिवाय गेली.

पाणी हा रोजचा शत्रू. पंप थांबला की खालच्या गल्ल्या भरू लागतात. पण वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा खरा दुर्गुण दुसराच. तो आपोआप पेटतो. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कुटाराची किंवा कापसाची गंजी ओली रचली, की ती आतल्या आत तापते, आणि एखाद्या रात्री धूर निघतो. कोळशाचेही जवळपास तसेच. हवेतला प्राणवायू तो शोषून घेतो आणि शोषताना किंचित तापतो. मोठे ढेकूळ असेल तर ही ऊब निघून जाते. पण खांबांवर भार येऊन ते चिरडले, कोनाकोपऱ्यात चुरा साठला, वारा पुरेसा नाही आणि अगदी बंदही नाही, अशी स्थिती आली की ऊब साठत जाते. जास्त तापला की कोळसा जास्त प्राणवायू शोषतो आणि आणखी तापतो. जुन्या खाणकामगारांना याच्या खुणा ठाऊक असतात. भिंतीला घाम फुटतो. हवेत रॉकेलसारखा वास येतो. दिव्याभोवती धुके दिसते. ज्वाळा दिसण्याआधी विषारी वायू पोचलेला असतो, आणि त्याला वास नसतो.

या खोऱ्याचा कोळसा ओलसर, उन्हात पडला की भुगा होणारा, बंगालच्या कोळशापेक्षा हलक्या प्रतीचा. त्यात हा पेटण्याचा स्वभाव. वरोऱ्याच्या खदानीलाही आगीने छळले. अशा आगीवर पाणी मारून उपयोग नसतो. तिचा श्वास कोंडावा लागतो. पेटलेल्या भागाकडे जाणाऱ्या गल्ल्यांच्या तोंडाशी भिंती बांधायच्या, फटी मातीने लिंपायच्या आणि आतला प्राणवायू संपायची वाट पाहायची. जो कोळसा वाचवायला हे करायचे, तोच बहुतेक भिंतीमागे कायमचा सोडावा लागतो.

आता विटांचे. खदानीला जोडून वरोऱ्यात अग्निरोधक मातीच्या विटा आणि कवेलू घडवणारा कारखानाही होता. कोळशापुढे याची आठवण पुसट झाली आहे, पण मला हा भाग फार आवडतो, कारण यात मातीचे शास्त्र आहे आणि विदर्भाच्या मातीत वीट ही सोपी गोष्ट नाही.

काळ्या मातीची चांगली वीट होत नाही. ओली असताना ती फुगते, सुकताना आक्रसते. थापलेली वीट सावलीत ठेवली तरी तडकते. शिवाय तिच्यात चुनखडाचे बारीक खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. वीट वरून छान पक्की दिसते, आणि पहिल्या पावसाचे पाणी मुरले की आतला चुना फुगून तिचे कपचे उडवतो. म्हणून वीटवाला नदीकाठची गाळाची माती शोधत जातो, किंवा काळीत राख आणि रेती घालून तिचा ताठा मोडतो. पण ही झाली घराच्या भिंतीची वीट. बॉयलरच्या पोटात, इंजिनाच्या अग्निपेटीत, लोखंडाच्या भट्टीत हीच वीट लावली तर ती मेणासारखी पाझरू लागेल. साध्या मातीत लोह, चुना आणि क्षार असतात. ते कमी उष्णतेतच वितळतात आणि बाकीच्या मातीलाही सोबत घेऊन वितळतात.

अग्निरोधक मातीत हे वितळवणारे पदार्थ फार थोडे असतात. उरते ती सिलिका आणि ॲल्युमिना. अशी वीट दीड हजार अंश सेल्सिअसच्या पुढेही तग धरते. ही माती कोळशाच्या शेजारी सापडावी यात योगायोग नाही. युरोपातल्या कोळसाक्षेत्रांत ती कोळशाच्या थराच्या नेमकी खाली असते आणि तिच्यात मुळांचे ठसे दिसतात. म्हणजे ती त्या जुन्या रानाची जमीनच. झाडांनी आणि दलदलीच्या आंबट पाण्याने तिच्यातले क्षार आणि लोह शोषून, धुऊन नेले. गोंडवनी कोळशात पुष्कळसा पाला नद्यांनी वाहून आणून टाकलेला असल्याचे मानतात. त्यामुळे मुळांची साक्ष इथे तितकी सरळ मिळत नाही. पण दलदलीच्या पाण्याने धुऊन निघालेली माती इथेही कोळशाच्या थरांच्या सोबतीने येते. एका खड्ड्यातून इंधन, आणि त्याच खड्ड्यातून ते इंधन जाळण्याच्या भट्टीची वीट. वीट भाजायलाही दूर जायला नको, न विकला जाणारा कोळशाचा चुरा हाताशी होताच.

कवेलूंची गरजही खरी होती. विदर्भात कुंभाराच्या चाकावरचे अर्धगोल कवेलू पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. दर पावसाळ्याआधी छतावर चढून ते फेरावे लागत. रेल्वेच्या गोदामांना, स्थानकांना, सरकारी कचेऱ्यांना एकसारखी, यंत्रात दाबलेली कौले हवी होती. बासल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात अशा कौलांचा कारखाना काढला आणि किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत ती पोचली. जोयड्यातल्या जुन्या घरांवरही तीच दिसतात. वरोऱ्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या मुलखात मात्र ती आणायची तर वाहतुकीचाच भार. खदानीच्या आवारात माती, इंधन आणि रेल्वे तिन्ही असताना कारखाना निघाला, हे साहजिकच होते.

शेवटच्या काळात ही खदान वर्षाला लाखभर टनांच्या घरात कोळसा देत होती. आज तो आकडा किती लहान वाटतो! चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. ते पूर्ण ताकदीने चालले, तर चोवीस तासांत चाळीस हजार टनांहून अधिक कोळसा लागतो. वरोऱ्याच्या शेकडो माणसांनी वर्षभर खाली उतरून, टोपलीने, पहारीने काढलेला कोळसा या भट्ट्या दोन-अडीच दिवसांत संपवतील. पण १९०० च्या आसपासच्या मध्य प्रांतात तो लाखभर टन रेल्वे आणि गिरण्या दोन्हींच्या बळावर होता. दुष्काळाच्या वर्षांत तर धान्य वाहून नेणाऱ्या गाड्यांचे इंजिनही याच्यावर चालत असणार.

काढण्याजोगा कोळसा संपला आणि १९०६ मध्ये खदान मिटली. सरकारचे लक्ष तोवर दक्षिणेकडे गेले होते. वर्धा नदीच्याच काठी, गोंड राजांच्या आणखी जुन्या राजधानीत, बल्लारपूरला, नवी खदान उघडली होती. मग रूळ वरोऱ्यावरून पुढे चांदा-बल्लारशापर्यंत नेले गेले. म्हणजे खदान संपल्यामुळे रूळ उखडले गेले नाहीत, उलट दुसऱ्या खदानीने त्यांना पुढे ओढले. १९२९ मध्ये बल्लारशा ते काझीपेठ हा दुवा जुळला, आणि उत्तर-दक्षिण भारताला जोडणारा सरळ मार्ग तयार झाला. त्याच वर्षी ग्रँड ट्रंक एक्सप्रेस सुरू झाली. वर्धा ते वरोरा हा ४५ मैलांचा कोळशाचा फाटा अशा वाटेने देशाचा कणा होऊन बसला.

गावाचे काय झाले? खाणगावांचे जे होते ते वरोऱ्याचे पूर्ण झाले नाही, कारण तिथे कापसाचा बाजार होता, तालुका कचेरी होती, स्टेशन होते. खदानीतली काही माणसे बल्लारपूरला गेली असणार, काही शेतात परतली असणार. १९१४ साली याच रुळांवरच्या हिंगणघाटात मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांचा जन्म झाला. वकिली सोडून ते वरोऱ्यात नगरपालिकेच्या कामात आले, तिथले उपाध्यक्ष झाले, आणि १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. आनंदवनासाठी शहराबाहेर मिळालेल्या खडकाळ जमिनीवर पहिले काम होते विहीर खणण्याचे. ज्या गावाने पस्तीस वर्षे जमीन खणून आग काढली, तिथे आता कुष्ठरोगी माणसे पाण्यासाठी खणत होती.

कोळसा वरोऱ्याच्या परिसरातून गेला मात्र नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये नागपुरात वेस्टर्न कोलफिल्ड्सचे ('वेकोलि') मुख्यालय झाले, आणि माजरी, एकोणा इथे 'वेकोलि'च्या खाणी आहेत. आता उघड्या खाणी. आख्खे वावर वरून उचलायचे, मातीचे डोंगर बाजूला रचायचे आणि कोळसा उघडा पाडायचा. वरोऱ्याच्या जुन्या खदानीसारखे अंधारात उतरणे नाही.

पण जुन्या भूमिगत गल्ल्या नाहीशा होत नाहीत. पंप थांबला की त्या पाण्याने भरतात आणि भरलेल्याच राहतात. शेजारी कोणी नवे काम काढले आणि मधली भिंत पातळ राहिली, तर ते पाणी एका क्षणात येते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला खाणीत असेच साचलेले पाणी आत घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. म्हणून कायदा सांगतो की सोडून दिलेल्या खाणकामापासून ६० मीटरांच्या आत परवानगीशिवाय पुढे खणायचे नाही, आणि खाण बंद करताना तिचा अखेरचा नकाशा सरकारजमा करायचा. बोगदे कुठे थांबले, कोणते खांब राखले, कोणती गल्ली आगीमुळे विटांनी बुजवली, पाणी कुठवर आहे, हे सगळे त्या कागदावर असते. खाण-सर्वेक्षक नवे काम आखायला बसतो, तेव्हा आधी हा जुना नकाशा टेबलावर पसरतो आणि त्यावर ६० मीटरांची रेघ ओढतो.